जी.ए. कुलकर्णी आणि ऑर्फियस: ग्रीक पुराणकथा मराठीत येऊन काय करते?

पर्सी जॅक्सन तुम्ही वाचला असेल किंवा त्याची वेब सिरीज पाहिली असेल. 'गॉड ऑफ वॉर' किंवा 'हेडीज' हे गेम खेळले असतील. झ्यूस, पोसायडन, मेड्युसा ही नावं आज जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातल्या पोरांनाही पाठ आहेत. ग्रीक देवांवरची रील फीडमध्ये आली नाही असा आठवडा जात नाही.

पण एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ज्या ऑर्फियसचा उल्लेख या सगळ्यात कुठे ना कुठे येतो, त्याच्यावर मराठीत एक मोठी कथा आहे. कथेचं नाव 'ऑर्फियस'. ती आहे 'पिंगळावेळ' या १९७७ साली आलेल्या संग्रहात आणि लेखक आहेत जी.ए. कुलकर्णी.

जी.एं.चं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. सोबत "खूप अवघड लिहितात", "फार निराश करणारं लिहितात" असा शेराही ऐकलेला असतो, आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात. म्हणून हा लेख. जी.ए. कोण होते, त्यांना ग्रीक कथा का लागली, त्या कथेचं त्यांनी काय केलं आणि सुरुवात कुठून करायची, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

जी.ए. कोण होते?

पूर्ण नाव गुरुनाथ आबाजी कुलकर्णी. जन्म १० जुलै १९२३, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंबा गावी. वाढले बेळगावात. नोकरीसाठी धारवाडला गेले आणि आयुष्यातली बरीच वर्षं तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. म्हणजे घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि वर्गात इंग्रजी. शेवटची काही वर्षं पुण्यात गेली आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

लहानपणापासून जवळच्या माणसांचे मृत्यू त्यांनी पाहिले. त्यांनी लग्न केलं नाही. मावसबहिणींसोबत त्यांचं घर होतं. त्यांच्यापैकी नंदा पैठणकर यांनी पुढे 'प्रिय बाबुआण्णा' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. घरात जी.एं.ना बाबुआण्णा म्हणत, त्यावरून हे नाव.

सभा, सत्कार, भाषणं, फोटो यांपासून ते लांब राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, ही त्यांची लोकांच्या लक्षात राहिलेली ओळख. पण माणूसघाणे म्हणावं तर तेही खरं नाही, कारण ते पत्रं भरभरून लिहायचे. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले आहेत. त्यातला पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी.ए.' या नावाने वेगळी प्रसिद्ध झाली. माणसांशी बोलायचं, पण स्टेजवरून नाही, असा त्यांचा हिशेब होता.

लेखनाचे दोन टप्पे

जी.एं.चे पहिले चार कथासंग्रह 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) आणि 'रक्तचंदन' (१९६६). या कथांमध्ये बेळगाव-धारवाडकडची माणसं आहेत. जुनी घरं, ओढगस्तीचे संसार, आजारपणं, नात्यांतला कोंडमारा आणि मध्येच डोकावणारी कानडी वळणाची मराठी.

त्यानंतर १९७२ साली 'काजळमाया' आला आणि वारं बदललं. 'विदूषक'सारख्या कथेत राजा, दरबार आणि विदूषक आहेत, पण ते राज्य कोणत्याही इतिहासातलं नाही. १९७५ साली 'रमलखुणा' आणि 'सांजशकुन' आले, १९७७ साली 'पिंगळावेळ'. 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा आहेत. 'सांजशकुन'मध्ये छोट्या रूपककथा आहेत. 'पिंगळावेळ'मध्ये एकीकडे ऑर्फियस आहे, तर 'यात्रिक' या कथेत स्पॅनिश कादंबरीतला डॉन क्विक्झोट.

या तीन संग्रहांची नावं एकदा नीट पाहा. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगण्याची विद्या. शकुन म्हणजे पुढे काय होणार त्याची खूण. आणि पिंगळा म्हणजे भल्या पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा. त्याच नावाच्या छोट्या घुबडाच्या आवाजावरूनही लोक शकुन-अपशकुन ठरवतात. तिन्ही नावं भविष्याशी जोडलेली. जी.एं.ना कसला ध्यास होता हे मुखपृष्ठावरच कळतं. माणसाचं पुढचं आधी ठरलेलं असतं का? असेल, तर त्याने काय करायचं?

हाच प्रश्न ग्रीक शोकांतिकेच्या मुळाशी आहे.

ग्रीक कथाच का?

नशीब आपल्याकडेही आहेच. खानदेशातच काय, महाराष्ट्रात कुठेही बाळ जन्मलं की पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. ग्रीकांकडे हे काम तीन बहिणी करतात. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते आणि ॲट्रोपोस कापते. झ्यूससारखा देवसुद्धा त्यांच्या कामात सहजासहजी हात घालत नाही.

इथवर दोन्हीकडे सारखंच. फरक पुढे आहे. आपल्याकडे दुःखाला बहुतेक वेळा एक उत्तर तयार असतं, ते म्हणजे मागच्या जन्मीचं कर्म. त्या उत्तराने दुःख कमी होत नाही, पण हिशेब लागतो.

ग्रीक कथेत हा हिशेब नेहमी लागत नाही. ईडिपसचं उदाहरण घ्या. तो बापाला मारेल आणि आईशी लग्न करेल, असं भाकीत होतं. ते टाळायला आई-बाप त्याला जन्मतःच टाकून देतात. मोठेपणी भाकीत कानावर आल्यावर तो स्वतःही ते टाळायला घर सोडतो. आणि ज्या वाटेने पळतो त्याच वाटेवर भाकीत खरं होतं. ग्रीक कथांमध्येही गर्वाची शिक्षा आहे, घराण्याला लागलेले शाप आहेत. पण ईडिपससारखी गोष्ट वाचून झाली तरी "याचं नेमकं चुकलं काय?" हा प्रश्न शिल्लक राहतो. हीच गोष्ट पु.ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठी नाटकात आणली आहे.

आता जी.एं.च्या सुरुवातीच्या कथा आठवा. साधी, गरीब, फारसा गुन्हा न केलेली माणसं आणि त्यांच्या वाट्याला येणारे घाव. "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" असं म्हणून जी.ए. विषय मिटवत नाहीत. ज्याला हिशेब मिटवायचा नाही, त्याला हिशेब न मिटवणाऱ्या कथा जवळच्या वाटणार. म्हणून धारवाडचा इंग्रजीचा प्राध्यापक ग्रीसकडे वळला, तो परदेशी नावांची हौस भागवायला नाही. बेळगावच्या वाड्यात सुरू झालेला प्रश्नच त्याने पुढे नेला.

ऑर्फियसची मूळ गोष्ट

ऑर्फियस हा गायक. त्याच्या लायर या तंतुवाद्याच्या सुरांनी जनावरं शांत व्हायची, झाडं आणि दगडही जागचे हलायचे. त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते.

ऑर्फियस तिला आणायला जिवंतपणी पाताळात उतरतो. त्याचं गाणं ऐकून तिथल्या यातनासुद्धा घटकाभर थांबतात. मृत्यूलोकाचा राजा हेडीज आणि राणी पर्सेफनी विरघळतात आणि युरिडिसीला सोडतात. अट एकच. ऑर्फियसने पुढे चालायचं, तिने मागून यायचं, आणि वर उजेडात पोहोचेपर्यंत त्याने वळून पाहायचं नाही.

उजेड अगदी जवळ येतो. आणि तो वळून पाहतो. ती दुसऱ्यांदा मरते, यावेळी कायमची.

पुढे ऑर्फियसचा शेवटही भयंकर आहे. डायोनिससच्या बेभान भक्त स्त्रिया त्याचे तुकडे करतात आणि त्याचं तोडलेलं डोकं नदीतून गात गात वाहत जातं.

हे आपल्याला अनोळखी आहे का?

अजिबात नाही. आपल्याकडच्या कितीतरी देवस्थानांची गोष्ट अशीच आहे. भक्त म्हातारा होतो, दूरच्या डोंगरावर जाणं त्याला झेपत नाही. देव म्हणतो, "मीच तुझ्या गावी येतो. तू पुढे चाल, मी मागून येतो. मात्र मागे वळून बघू नकोस." वाटेत मागचा आवाज थांबतो, भक्ताला राहवत नाही, तो वळतो. देव तिथेच थांबतो आणि त्या जागी देऊळ होतं.

अट तीच, चूक तीच. पण आपल्या गोष्टीत चुकीतून देऊळ उभं राहतं, ऑर्फियसच्या हातात काहीच उरत नाही.

दुसरी आठवण सावित्रीची. महाभारताच्या वनपर्वात सावित्री यमाच्या मागे चालत जाते आणि बोलून बोलून त्याच्याकडून सत्यवानाला परत मिळवते. मृत्यूच्या देवाला दोघांनीही जिंकलं, तिने शब्दांनी, त्याने सुरांनी. तिचा नवरा परत आला, त्याची बायको आली नाही. आपण वटपौर्णिमेला जिंकलेल्याची गोष्ट सांगतो. ग्रीकांनी हरलेल्याची गोष्ट जपून ठेवली.

मग तो मागे का वळला?

ऑर्फियसची कथा इतकी वर्षं टिकली ती या एका प्रश्नामुळे. प्रत्येक काळाने आपलं उत्तर दिलं आहे.

रोमन कवी व्हर्जिल म्हणतो, क्षणभर वेड लागलं.

दुसरा रोमन कवी ओव्हिड म्हणतो, ती मागे पडली तर नाही ना ही धास्ती होती आणि तिला पाहायची ओढ होती. म्हणजे प्रेमच नडलं.

त्यांच्याही आधीच्या प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये एक पात्र ऑर्फियसला सरळ भित्रा ठरवतं. बायकोसाठी मरायची तयारी नव्हती, जिवंतपणीच घुसायला बघितलं, म्हणून देवांनी त्याला नुसती तिची सावली दाखवली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कवी रिल्के नजर युरिडिसीकडे वळवतो. त्याच्या कवितेत ती मृत्यूत इतकी बुडाली आहे की मागे वळलेला माणूस कोण, हेही तिला कळत नाही.

आणि २०१९ सालच्या 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' या फ्रेंच सिनेमात यावर चर्चा होते. तिथलं एक मत असं की तो चुकून वळलाच नाही, त्याने ठरवून आठवण निवडली. त्याच सिनेमात दुसरी शक्यताही येते, कदाचित तिनेच त्याला वळायला सांगितलं असेल.

जी.एं.ची 'ऑर्फियस' या रांगेत येते. तेही जुनी गोष्ट जशीच्या तशी भाषांतरित करत नाहीत. प्रेम आणि मृत्यू या दोन गोष्टींसमोर ते ऑर्फियसला उभं करतात आणि त्याच्या वळण्याचा पुन्हा विचार करायला लावतात. कथेत पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. ते सांगितलं तर वाचायला काय उरलं?

जी.ए. फँटसी लेखक आहेत का?

'इस्किलार' किंवा 'प्रवासी' वाचताना हा प्रश्न पडतोच. नकाशावर न सापडणारा प्रदेश, लांबचा प्रवास, भाकितं, कुठल्याही भाषेतले वाटणार नाहीत असे शब्द. फँटसीचं सगळं सामान इथे आहे.

तुलनेसाठी रिक रिऑर्डनकडे पाहू. हे अमेरिकी लेखकही आधी शिक्षक होते, शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. मुलाला झोपताना ग्रीक कथा सांगता सांगता पर्सी जॅक्सन जन्मला आणि २००५ साली पहिलं पुस्तक आलं. त्यातला पर्सीसुद्धा पाताळात उतरतो आणि त्याच्या डोक्यात आईला परत आणायचं असतं. म्हणजे ऑर्फियसचीच वाट, फक्त पाताळाचं दार लॉस एंजेलिसमध्ये.

दोघेही शिक्षक, दोघांनाही ग्रीक कथांचं वेड. पण रिऑर्डनच्या जगात धाडस केलं की काहीतरी हाती लागतं, मित्र मिळतात, पुढचा भाग येतो. जी.एं.च्या प्रवाशाला प्रवासाच्या शेवटी मिळतं ते बहुतेक वेळा एक कठोर ज्ञान. समीक्षक त्यांच्या या कथांना रूपककथा, दृष्टांतकथा, मिथककथा अशी नावं देतात. फँटसी म्हटलं तरी बिघडत नाही, फक्त इथे शेवटी ड्रॅगन मरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पुरस्कार परत का केला?

जी.एं.बद्दल हमखास सांगितला जाणारा किस्सा. 'काजळमाया'ला १९७३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतर पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, पुस्तक त्या वर्षीच्या नियमांत बसतं का, असा. लिखाणाच्या दर्जाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तारखेत लेखकाचा काही दोषही नव्हता. तरीही जी.एं.नी पुरस्कार परत केला.

आज पुरस्कारवापसी म्हटलं की राजकीय निषेध आठवतो. हा प्रकार वेगळा होता. संशयाचा डाग असलेली वस्तू घरात नको, एवढंच त्यामागे होतं. ज्या लेखकाने फोटोही टाळला, त्याला हे अवघड गेलं नसावं.

टीका काय होते?

टीकेचे मुद्दे दोन. पहिला, सगळीकडे नियती, मृत्यू आणि अंधार, माणसाला काही करायला जागाच नाही. दुसरा, प्रतीकं इतकी की गोष्ट दबून जाते. शिवाय मुळात कथा या प्रकारालाच कमी लेखणारे आहेत. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे त्यात आघाडीवर. कथेला ते कादंबरीच्या तुलनेत क्षुद्र प्रकार मानतात.

पहिला आक्षेप खोटा नाही. उदास दिवसात 'रमलखुणा' हातात घेऊ नये, हे मीही सांगेन. पण जी.एं.ची माणसं हरणार हे माहीत असूनही चालत राहतात, हेही त्याच कथांमध्ये आहे. 'स्वामी' या कथेत एक माणूस अनोळखी गावात अडकतो, त्याला मठात नेलं जातं आणि बाहेर पडायची वाट बंद होते. ती कथा वाचून झाल्यावर डोक्यात भिंती राहतात, पण भिंतींसोबत एक वेलही राहते. ती कुठून आली आणि कुठे गेली, हे वाचूनच बघा.

दुसऱ्या आक्षेपावर उपाय सोपा आहे. योग्य क्रमाने वाचा.

सुरुवात कुठून करायची?

१. 'बखर बिम्मची'. लहान मुलाच्या नजरेतलं छोटं, गोड पुस्तक. जी.ए. म्हणजे फक्त अंधार हा समज इथेच निघून जातो.

२. 'माणसे: अरभाट आणि चिल्लर'. त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ साली आलं. बालपणीच्या आसपासची माणसं आणि आठवणी. विनोद भरपूर.

३. सुरुवातीच्या चार संग्रहांतला कोणताही एक. इथे तुम्हाला बेळगाव-धारवाडकडची माणसं भेटतील.

४. 'पिंगळावेळ'. आधी 'स्वामी', मग 'ऑर्फियस'. 'ऑर्फियस' वाचण्याआधी वर दिलेली मूळ गोष्ट एकदा आठवा, म्हणजे जी.एं.नी काय बदललं ते लगेच दिसेल.

५. 'रमलखुणा'. सगळ्यात शेवटी, सलग वेळ असेल तेव्हा. एका बैठकीत समजली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांना नाही समजत.

वाचनापेक्षा पडदा जवळचा वाटत असेल, तर अमोल पालेकरांचा 'कैरी' हा सिनेमा जी.एं.च्या कथेवर आहे.

पुस्तकं नवी घ्यायलाच हवीत असंही नाही. जळगावचं व.वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, किंवा तुमच्या तालुक्याचं वाचनालय, मराठी कथांच्या कपाटात 'कुलकर्णी, जी.ए.' शोधा. 'पिंगळावेळ' उघडा आणि 'ऑर्फियस' वाचा. मग कमेंटमध्ये सांगा, तुमच्या मते तो मागे का वळला?